नाव कोरोमंडल, माल चीनचा : एका चुकलेल्या चॅप्टरची गोष्ट

मागच्या वर्षी मी एक अख्खा चॅप्टर फेकून दिला. विषय होता 'कोरोमंडल स्क्रीन', म्हणजे काळ्या लॅकरच्या, कोरीव रंगीत चित्रांच्या, बहुधा बारा फळ्यांच्या घडीच्या स्क्रीन. नाव वाचून मी गृहीत धरलं की यांचा उगम आपल्या पूर्व किनाऱ्यावर. गाइडनी एकच प्रश्न विचारला, "वस्तू पाहिलीस की नाव?" झालं, तिथेच चॅप्टर कोसळला.

या स्क्रीन चीनमध्ये बनल्या, विशेषतः कांगशी बादशहाच्या काळात (१६६२-१७२२). युरोपात जाणारा माल कोरोमंडल किनाऱ्यावरच्या बंदरांतून पुढे जायचा, म्हणून व्यापारात हे नाव चिकटलं. म्हणजे नाव वाटेचं आहे, कारागिराचं नाही. चिनी नाव 'ख्वानत्साय', साधारण अर्थ 'कोरलेले रंग'. ते पद्धत सांगतं: लाकडावर मातीचे थर, त्यावर गडद लॅकर, मग चित्र कोरून उघड्या पडलेल्या भागात रंग भरायचे.

दुसरा सापळा 'लॅकर' शब्दाचा. तो आपल्या 'लाख'वरून आला. पण आपली लाख किड्यापासून मिळते, चिनी लॅकर झाडाच्या चिकापासून. शब्द एक, पदार्थ दोन. मी दोन्ही एकत्र करून बसले होते!

आता गृहसजावटीच्या लेखनाबद्दल. त्यात ही स्क्रीन सोफ्यामागे 'पौर्वात्य टच' म्हणून उभी असते. माझा आक्षेप सजावटीला नाही. चिनी घरातही ती मिरवायचीच वस्तू होती. न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन म्युझियममधल्या १६९० सालच्या स्क्रीनवर तांग काळातला सेनापती क्वो त्सियी याच्या वाढदिवसाचा सोहळा आहे. अशा स्क्रीन प्रतिष्ठित माणसाला वाढदिवसाची भेट म्हणून द्यायचे, आणि कितींच्या तरी मागच्या बाजूला शुभेच्छांचा मजकूर कोरलेला असायचा. कोणी, कोणाला, कधी, हे सगळं तिथे. संशोधकाला आणखी काय हवं?

पण फोटोत मागची बाजू येतच नाही. कोको शनेलने पॅरिसच्या घरात या स्क्रीन भिंतींना लावल्या. खोली देखणी दिसते, वाद नाही, पण पाठ भिंतीला गेली. त्याआधी युरोपात तर स्क्रीन कापून कपाटं आणि भिंतींची तावदानं केली जायची. स्टॉकर आणि पार्कर यांनी १६८८च्या आपल्या पुस्तकात अशा कापाकापीची टर उडवली आहे, कारण माणसं, झाडं सगळी उलटीपालटी व्हायची. म्हणजे नुकसान त्या काळीही दिसत होतं.

म्हणून सजावटीच्या लेखनावरची माझी टीका एवढीच: ते वस्तूला शैली बनवतं आणि तिचा पत्ता पुसतं. पण प्रामाणिकपणे सांगायचं तर मीही तेच केलं. त्यांनी पुढची बाजू पाहिली, मी फक्त लेबल.

तुम्ही प्रपोजल लिहित असाल तर विषयाच्या नावाखाली तीन ओळी लिहून बघा: हे नाव कोणी दिलं? वस्तू कशाची आहे? मागे काय आहे? तिसरी ओळ रिकामी राहिली, तर तुमचं काम तिथूनच सुरू होतं. माझंही सध्या तिथेच चालू आहे.