मुरळीचे गाणे आणि आपली टीकादृष्टी

समाज स्थलांतर करतो तेव्हा त्याचा देव कोण सांभाळतो, हा प्रश्न आपल्या समीक्षेने क्वचितच विचारला आहे. विसाव्या शतकात ब्राझीलमधील ग्वारानी लोकांचा एक समूह दक्षिणेकडून एस्पिरितु सांतु प्रांतापर्यंत गेला. त्याचे नेतृत्व दैवी आदेशावर श्रद्धा ठेवणाऱ्या तातातिं या स्त्रीने केले. त्यांच्या उपासनेत पुरुषाच्या हाती खुळखुळा असतो आणि स्त्रिया बांबूच्या नळ्या भूमीवर आपटून ताल धरतात. खंडोबाच्या जागरणात वाघ्याच्या दिमडीला मुरळीच्या घोळाची साथ असते, तिचे येथे सहज स्मरण होते.

रा. चिं. ढेरे यांच्या ‘खंडोबा’ (1961) या ग्रंथाने या दैवताच्या अभ्यासाचा पाया घातला. गुंथर सोन्थायमर यांनी पशुपालकांच्या भटकंतीशी त्याचे नाते उलगडले. बीदर जिल्ह्यातील मैलार हेही या दैवताचे क्षेत्र. मराठीत जो खंडोबा तोच कन्नडात मैलार आणि तेलुगूत मल्लण्णा. या अभ्यासकांचे ऋण मान्य करूनच पुढील प्रश्न विचारावयास हवा.

बाणाईच्या कथेत सारीपाटात हरलेला देव घर सोडतो आणि चंदनपुरीस धनगरांच्या मेंढ्या राखतो. म्हणजे येथे स्थलांतर देवाचे आहे आणि त्याला आश्रय मिळतो तो बाणाईच्या वाड्यात. ही कथा जागरणात जिच्या कंठातून गावोगाव फिरली, त्या मुरळीला मात्र आपण ‘अनिष्ट रूढी’च्या प्रकरणात ठेवले, काव्याच्या प्रकरणात नव्हे.

रूढी अनिष्टच होती. अजाण मुलीला नवसापोटी देवाला वाहणे, याचे समर्थन कोणत्याही कलेच्या नावाने होऊ शकत नाही. कर्नाटकाने 1982 च्या कायद्याने अशा समर्पणास बंदी केली, हे योग्यच झाले. परंतु जिच्यावर अन्याय झाला तिचे कर्तृत्वही नाकारणे हा दुसरा अन्याय होय. लोकगीत शिकविताना कवीच्या जागी ‘पारंपरिक’ हा शब्द वाचून पुढे जाण्याची सवय मलाही होती. परंपरा स्वतः गात नाही. कोणी स्त्री गाते, पदात भर घालते, मराठीतून कन्नडात जाते.

म्हणून यापुढील संग्राहकांनी गीताबरोबर, तिच्या संमतीने, गायिकेचे नाव, गाव, भाषा आणि ती फिरलेल्या जत्रा नोंदवाव्यात. जेजुरीस बाणाईचे देऊळ गडाच्या अर्ध्या वाटेवर आहे. आपल्या वाङ्मयेतिहासात मुरळीला तेवढे तरी स्थान मिळावे.