चाहत्यांना खोली हवी

'गेनशिकेन'च्या पहिल्याच भागात एक प्रसंग आहे. विद्यापीठात नुकताच दाखल झालेला सासाहारा दबकत दबकत एका क्लबच्या खोलीत येतो. काहीतरी निमित्त काढून बाकीचे निघून जातात आणि तो एकटा उरतो. भोवती मासिकांचे ढीग, मूर्ती, व्हिडिओ गेम आणि चारचौघांत हातात धरायचा संकोच वाटावा अशी चाहत्यांनी स्वतः छापलेली पुस्तकं. तो हात पुढे करतो, मागे घेतो, शेवटी एक पुस्तक उघडतोच. समोरच्या खिडकीतून जुने सभासद हे सगळं बघत असतात. त्याला पकडलं जातं, तो ओशाळतो. पण पुन्हा त्याच खोलीत येतो, कारण आपल्याला जे आवडतं ते लपवावं न लागणारी जागा त्याला पहिल्यांदाच सापडलेली असते.

किओ शिमोकु यांचा हा मंगा, म्हणजे जपानी चित्रकथा, कोदान्शाच्या 'आफ्टरनून' मासिकात 2002 ते 2006 या काळात चालला आणि 9 खंडांत पुरा झाला. 2004 मध्ये त्यावर ताकाशी इकेहाता यांच्या दिग्दर्शनाखाली 12 भागांची अॅनिमे, म्हणजे जपानी अॅनिमेशनची, मालिका आली. 2007 मध्ये दुसरं पर्व आलं आणि 2013 मध्ये 'निदाइमे' हे पुढच्या पिढीचं पर्व. अॅनिमे, मंगा, व्हिडिओ गेम यांचा एकत्र अभ्यास करणारं मंडळ असं या क्लबचं कागदोपत्री रूप. प्रत्यक्षात अभ्यास कसला, दिवसभर गप्पा, वाद आणि खाणं. आवडीने झपाटलेल्या माणसांवर जपानमध्ये पुष्कळ मालिका निघाल्या. त्यांत मला ही सर्वांत मोलाची वाटते, कारण चाहता एकटा असताना काय असतो आणि चौघांत बसला की काय होतो, यातला फरक तिने नीट दाखवला.

हा फरक आंबागडच्या पायथ्याशी बसून फार जाणवतो. तुमसर तालुक्यातलं हे गाव सातपुड्याच्या कुशीत. 1700 च्या सुमाराला बांधलेला किल्ला डोक्यावर, महाशिवरात्रीला गायमुखची यात्रा, तालुक्यात धान, राइस मिल आणि मँगनीजच्या खाणी. इथल्या मुलांना अॅनिमे माहीत नाही असं कुणी समजू नये. मोबाइल आहे तिथे नारुतो आहे. पण ही मुलं ज्याच्या त्याच्या मोबाइलमध्ये, कानात इअरफोन घालून, एकेकटी बघतात. प्रेक्षक तयार झाला आहे, त्याची बैठक तयार झालेली नाही.

तसं पाहिलं तर या मुलखाचा अॅनिमेशी संबंध जुना आहे. किपलिंगच्या मोगलीचं रान शिवनीचं आणि नदी वैनगंगा. तीच वैनगंगा पुढे भंडारा जिल्ह्यातून वाहते. निप्पॉन अॅनिमेशनने 1989 मध्ये या कथेची 52 भागांची मालिका केली. ती दूरदर्शनवर हिंदीत आली तेव्हा गुलजारांचं गीत आणि विशाल भारद्वाजांचं संगीत घेऊन आली, आणि शेरखानला आवाज होता नाना पाटेकरांचा. आपल्याच नदीकाठची गोष्ट टोकियोत रंगवली गेली आणि एका मराठी नटाच्या आवाजात घराघरांत पोचली. आपण बघतो आहोत ते जपानी आहे, हे त्या वेळी कितीजणांच्या ध्यानात आलं असेल? दारातून आलेल्या कलेकडे आपण कला म्हणून पाहिलंच नाही. लहान मुलांचं कार्टून म्हणून पोरांना टीव्हीसमोर बसवलं आणि मोकळे झालो.

पुढेही तेच झालं. युगो साको यांनी राम मोहन आणि कोइची सासाकी यांच्यासोबत केलेला रामायणपट 1993 च्या जानेवारीत दिल्लीच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात दाखवला गेला. राम मोहन यांचं कामाचं गाव मुंबई. भारतीय अॅनिमेशनची एक अख्खी पिढी त्यांच्या हाताखाली शिकली आणि 2014 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. या चित्रपटात जंगलावर पडणारा उजेड, पाण्याची हालचाल, लंकेच्या युद्धातली गर्दी हाताने रेखाटलेली आहे आणि आजही ती डोळ्यांत भरते. तरी भारतभरच्या चित्रपटगृहांत तो रीतसर लागायला 2025 चा जानेवारी उजाडावा लागला. 2012 च्या डिसेंबरात 'सूरज: द रायझिंग स्टार' आली. बेसबॉलवरच्या एका गाजलेल्या जपानी मालिकेला क्रिकेटचा पोशाख घालून मुंबईच्या झोपडपट्टीत आणलेली ही कथा. नायक मुंबईचा, मैदान मुंबईचं, भाषा मात्र हिंदी. 2025 च्या सप्टेंबरात 'डेमन स्लेयर: इन्फिनिटी कॅसल' लागला तेव्हा जपानीशिवाय इंग्रजी, हिंदी, तमीळ, तेलुगू असे पर्याय होते. मराठी नव्हती. तमीळ-तेलुगूला बाजार आहे, म्हणून डबिंग झालं, हे उत्तर मला पुरेसं वाटत नाही. मागणी करणारा समूह एकमेकांना ओळखत असावा लागतो. सुट्या प्रेक्षकांची मागणी कुणाच्या कानावर जात नाही.

'गेनशिकेन'मधला समूह कसा घडतो ते पाहण्यासारखं आहे. क्लबमध्ये कोणी कोणाला निवडलेलं नसतं. मादारामे बडबड्या आणि हट्टी. तानाका कॉस्प्लेचे, म्हणजे आवडत्या पात्राचं सोंग घेण्याचे, कपडे शिवतो. कुगायामा चित्रं काढतो, पण चार शब्द सरळ बोलायला अडखळतो. कोसाका देखणा, नीटनेटका आणि सगळ्यांपेक्षा जास्त झपाटलेला. त्याच्यावर जीव जडलेली साकी कासुकाबे हिला या जगाचा मनापासून तिटकारा आहे. मालिकेची खरी ताकद या साकीत आहे. क्लब बंद पडावा असं वाटणारी ही मुलगी रोज त्याच खोलीत येऊन बसते, भांडते, प्रश्न विचारते. तिच्यामुळे चाहत्यांना स्वतःच्या आवडीचं समर्थन करावं लागतं, आणि समर्थन करता करता ती आवड त्यांची त्यांनाच नव्याने समजते. समीक्षेचं काम साकी करते. नुसत्या 'भारी आहे'वर चालणाऱ्या मंडळात अशी एक तरी साकी असायला हवी.

माझ्या मते मालिकेचा कळस दुसऱ्या पर्वाच्या सुरुवातीला आहे. सासाहारा आता क्लबचा प्रमुख झालेला असतो. तो ठरवतो की यंदा चाहत्यांच्या जत्रेत आपण फक्त खरेदीला जायचं नाही, स्वतःचं पुस्तक काढून विकायला बसायचं. चित्रं कुगायामाने काढायची. तारीख जवळ येत जाते आणि पानं कोरीच राहतात. मग खोलीत भडका उडतो. गोड बोलणारा सासाहारा चढ्या आवाजात बोलतो, कुगायामा दुखावतो, नव्याने आलेली तुसडी ओगिउए मधे पडते. या भांडणात संगीताचा गलबला नाही, डोळ्यांत तारे नाहीत. अंतिम मुदत, कोरा कागद आणि एकमेकांना तोंड दाखवायची पंचाईत, एवढंच. आयुष्यभर दुसऱ्यांच्या कामात चुका काढणारी ही मुलं पहिल्यांदा स्वतः काहीतरी करायला बसतात आणि आठ पानं भरणं किती अवघड असतं हे त्यांना कळतं. ही जत्रा काल्पनिक असली तरी तिचा नमुना खरा आहे. टोकियोतलं कॉमिकेट 21 डिसेंबर 1975 रोजी 32 गट आणि सुमारे 700 माणसांनिशी सुरू झालं. आज तिथे लाखोंची गर्दी लोटते, आणि तिचा पाया अजूनही हौशी गटांनी स्वखर्चाने छापलेली पुस्तकंच आहेत.

आमच्या या झाडीपट्टीतल्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या, माणसाला हे भांडण परकं वाटणार नाही. भाऊबीजेनंतर गावोगाव मंडया भरायला लागतात. दंडार हे लोकनाट्य होतं, शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतीच्या, निमित्ताने रात्रभर नाटक रंगतं, हंगाम थेट होळीपर्यंत चालतो. नाटकासाठी गावात मंडळ असतं. वर्गणी कुणी गोळा करायची, मंडपाचं कुणाकडे, तिकिटावर कोण बसणार, यावरून होणारे रुसवेफुगवे आणि त्यातूनही ठरल्या रात्री वर जाणारा पडदा, हे सगळं इथल्या अंगवळणी पडलेलं आहे. मात्र या रंगभूमीचंही एक दुखणं आहे आणि ते बोललं पाहिजे. वडशाच्या नाटक कंपन्यांनी तिला धंद्याचं बळ दिलं, शेकडो कलावंतांचं पोट चालवलं, 2023 मध्ये या रंगभूमीचे कलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली. ते सगळं अभिमानाचं. पण गावातल्या पोरांनी स्वतः नाटक बसवायचं, महिनाभर तालमी करायच्या, हे कमी होत चाललं आहे. मंडळ उरलं ते बुकिंग करणारं. करणारा हळूहळू बघणारा झाला. जपानी चाहत्यांचा प्रवास नेमका उलट दिशेने झाला, आणि म्हणून ही मालिका मला या मातीत बसून महत्त्वाची वाटते.

चाहत्यांवरच्या इतर मालिकांशी तुलना केली की हे आणखी स्पष्ट होतं. गायनॅक्सच्या 1991 च्या 'ओताकु नो व्हिडिओ'त आत्मस्तुती आणि आत्मनिंदा एकत्र नांदतात. त्यात ऊर्मी आहे, माणसं कमी. 2006 ची 'वेलकम टू द एनएचके' दार बंद करून बसलेल्या तरुणाची गोष्ट सांगते. आवडीचं व्यसन कसं होतं आणि एकटेपणा माणसाला कसा पोखरतो, याचं इतकं निर्भय चित्रण दुसरीकडे नाही. 2018 ची 'वोताकोई' प्रसन्न आहे, पण तिच्यात आवड ही पात्रांच्या अंगावरचा बिल्ला होऊन राहते. ती काढून घेतली तरी कथा तशीच चालेल. 2020 ची मासाआकी युआसा यांची 'एइझोकेन' मात्र अव्वल. तीन शाळकरी मुली, एक पडका पत्र्याचा आडोसा आणि अॅनिमेशन करण्याचा ध्यास. त्यातली कानामोरी पैशांचा आणि तारखांचा हिशेब ठेवते. कलेच्या गोष्टीत हिशेबनीस इतक्या आदराने क्वचितच दाखवला गेला असेल.

'निदाइमे'बद्दल माझं मत संमिश्र आहे. प्रॉडक्शन आय. जी.चं काम देखणं आहे. दिग्दर्शक त्सुतोमु मिझुशिमा यांनी पुढे 'शिरोबाको' या 2014 च्या मालिकेत अॅनिमे बनवणाऱ्यांचं रोजचं काम ज्या बारकाईने दाखवलं, त्याची चाहूल इथे लागते. हातो हा मुलगा बाईच्या वेशात क्लबात येतो तेव्हा बाकीचे गोंधळतात, मग सरावतात. पुरुषांनी बायकांची सोंगं वठवलेली दंडार पिढ्यान्‌पिढ्या पाहिलेल्या प्रेक्षकाला त्यात धक्का बसण्यासारखं काही नाही. हातोच्या मनातली ओढाताण मात्र नक्की भिडेल. तक्रार वेगळीच आहे. या पर्वात कोण कोणावर भाळलं याची गुंतागुंत वाढत जाते आणि हातातलं काम मागे पडतं. खोली तीच, पण टेबलावर कोरा कागद क्वचितच दिसतो.

तरीही याच पर्वात मादारामेचा प्रसंग आहे, आणि त्याच्यासाठी मी बाकी सगळं माफ करायला तयार आहे. पदवी घेऊन तो विद्यापीठाजवळच नोकरी धरतो आणि दुपारचा डबा खायला जुन्या खोलीत येत राहतो. साकीवरचं प्रेम वर्षानुवर्षं मनात दाबून ठेवलेलं असतं. शेवटी तो बोलतो. ती नकार देते. दोघांच्याही डोळ्यांत पाणी येतं. ती त्याची टिंगल करत नाही, त्याच्यावर दयाही करत नाही. ज्या जगाचा तिला तिटकारा होता त्या जगातल्या माणसाशी ती बरोबरीने बोलते.

तुमसर-भंडाऱ्याच्या महाविद्यालयांत स्नेहसंमेलनाला नाच, नकला, फिशपाँड सगळं होतं. तिथेच एका वर्गाची चावी मागून घ्यावी, आठवड्यातून एक संध्याकाळ एक भाग मिळून बघावा, त्यावर मराठीत, झाडीबोलीत भांडावं. ज्याला चित्र येतं त्याने काढावं, ज्याला येत नाही त्याने त्याच्या मागे लागावं. दादासाहेब फाळक्यांनी नुसत्या आगकाड्या नाचवून पडद्यावर 'आगकाड्यांची मौज' केली होती. इथे पहिल्या अंकाला आठ पानं आणि झेरॉक्सचा खर्च पुरेल. अंक दिवाळीआधी तयार झाला, तर मंडईत खेळण्यांच्या आणि जिलेबीच्या दुकानांशेजारी एक टेबल मांडायला जागा मिळते.