दोन सेलांची बॅटरी : एक रसग्रहण

नाटकांवर, कादंबऱ्यांवर आणि जावयांवर टीका करणारे आपल्यात पुष्कळ आहेत. बॅटरीवर कोणी लिहीत नाही. बॅटरी म्हणजे हातात धरायची, पितळी नळीची. तिला ‘विजेरी’ म्हणतात ते फक्त पाठ्यपुस्तकात.

मौद्यात राहून बॅटरी बाळगतो याचे पाहुण्यांना नवल वाटते. शेजारी २३२० मेगावॅटचे एनटीपीसीचे केंद्र! पण ती वीज ४०० केव्हीवर चढून दूरगावी जाते. व्होल्टेज चढवले की करंट कमी, आणि करंट कमी की वाटेतली गळती कमी. आणि साप काही केंद्र पाहून बांधीवर यायचे थांबत नाहीत. रात्री धानाला पाणी द्यायला निघालेल्या माणसाची सारी भिस्त तीन व्होल्टांवर.

उजेड पिवळा पडला, की जो तो सांगतो, “सेल उतरले भाऊ, बदलवून टाका!” नाटक पडले की नायकाला शिव्या, त्यातलाच हा प्रकार. सेल दोन, दीड-दीड व्होल्टचे. जुन्या बल्बाला हवेत अडीच व्होल्ट आणि ०.३ अँपिअर. मागच्या झाकणातल्या स्प्रिंगवर गंज चढून एक ओहमचा अडथळा आला, तर पाव व्होल्ट तिथेच गळतो. बल्ब मोठा मानी. व्होल्टेज दहा टक्के घटले, तर हा उजेड तीस टक्के कमी देतो! घरच्या २३० व्होल्टांतून तेवढेच गळले असते तर पंख्यालाही कळले नसते.

मग पितळाला बोल लावावा? वीज वाहण्यात चांदी पहिली, तांबे पाठोपाठ. पितळ तांब्याच्या जेमतेम चौथाई. (भंडारा इतक्या जवळ असताना हे लिहायला धीर लागतो.) पण नळी वीतभर आणि चांगली रुंद, त्यामुळे ते खपून जाते. खपत नाही तो सांधा. सरकत्या खटक्याचे मला फार कौतुक आहे. दर वेळी घासून तो स्वतःला स्वच्छ करतो. स्प्रिंग मात्र वर्षानुवर्षे एकाच जागी बसलेली, सरकारी कपाटासारखी. बॅटरीला थापट मारली की ती पेटते, ती या स्प्रिंगची बैठक हलते म्हणून. त्यात सेलांचे कर्तृत्व शून्य.

नव्या प्लास्टिकच्या चार्जिंगवाल्या बॅटरीत सांधे डाकाचे असतात, गंजायला जागा थोडी. उजेडही पांढरा लख्ख. पण बिघडली की तिला उघडणार कुठून? माझ्या पितळीला मृगाआधी चार आण्यांचा काचकागद पुरायचा. आता तो दहा रुपयांना मिळतो. स्प्रिंग, झाकणाची आतली बाजू, बल्बाचा बुडखा, एवढे घासायचे. मग सेल घालायचे, जुनेच.