मुळशीत ‘पॅटर्न’ म्हटलं की

माझ्या पीएचडीच्या विषयात ‘पॅटर्न’ हा शब्द आहे. लॅबमध्ये त्याचं कुणाला काही वाटत नाही. पण सुट्टीला पौडला गेले आणि स्टँडवर कुणी “काय शिकतेस गं?” विचारलं, की पंचाईत. मागच्या वेळी ओळखीच्या एका काकांना “पॅटर्नवर संशोधन” म्हटलं, तर ते म्हणाले, “मग कोयता कुठंय?”

आधी आमच्या कामातला अर्थ सांगते. झेब्र्याचे पट्टे, बिबट्याचे ठिपके कसे उमटतात? 1952 मध्ये अ‍ॅलन ट्युरिंगनं गणितानं दाखवलं, की दोन रसायनं एकमेकांवर क्रिया करत कमीजास्त वेगानं पसरली, तर सपाट, एकसारख्या जागीही आपोआप नक्षी तयार होऊ शकते. नक्षी पुन्हापुन्हा तशीच येते म्हणजे खाली काहीतरी कारण काम करतंय. आम्ही ते कारण शोधतो.

मराठीत हा शब्द गाजला तो लातूरमुळे. तिथल्या राजर्षी शाहू, दयानंद या कॉलेजांनी जादा तास आणि सराव परीक्षांचा सपाटा लावून बारावीचे निकाल काढले, तो ‘लातूर पॅटर्न’. इथे पॅटर्न म्हणजे कुणालाही उचलता येईल अशी पद्धत. राजकारणात ‘अकोला पॅटर्न’ आला, तोही साधारण त्याच अर्थानं. पुण्यातली इंजिनिअरिंगची पोरं “मी 2015 पॅटर्नचा” म्हणतात, तेव्हा तो अभ्यासक्रम असतो.

आणि मग गल्लीतलं: “तो लय पॅटर्न आहे”, “आपला पॅटर्नच वेगळा.” इथे अर्थ पार उलटा झालाय. जे पुन्हापुन्हा येतं त्याचा शब्द आता जे एकमेव आहे त्यासाठी! (आणि हे एकमेवपण दर दुसऱ्या टेम्पोच्या मागे रंगवलेलं असतं.)

या दोन अर्थांच्या मध्ये 2018 चा प्रवीण तरडेंचा ‘मुळशी पॅटर्न’ येतो. माझं मत विचाराल तर सिनेमाचं नाव अगदी शास्त्रीय आहे. बाप जमीन विकतो, पैसा उडतो, कुटुंब पुण्यात येतं, बाप हमाली करतो, पोरगा गुंड होतो. म्हणजे नक्षी आहे आणि तिच्या खालचं कारणही दाखवलंय. पण लोकांनी उचलली फक्त नक्षी. आता “मुळशी पॅटर्न करू का?” ही धमकी आहे आणि त्यात जमीन कुठेच नाही. दोष निव्वळ प्रेक्षकांचा नाही. कॅमेरा बापाच्या हमालीपेक्षा पोराच्या रुबाबात जास्त रमतो. 2021 मध्ये त्याच कथेचा हिंदीत ‘अंतिम’ झाला, तेव्हा तर नावातून मुळशीही गेली.

माझी दुसरी तक्रार संशोधक म्हणून आहे. पॅटर्न आहे म्हणायचं तर त्यात न बसणारेही मोजावे लागतात. माझ्या वर्गातल्या ज्यांच्या घरच्या जमिनी गेल्या, त्यांच्यातला एक हिंजवडीत कॅब चालवतो, एकाचं हार्डवेअरचं दुकान आहे, एक मैत्रीण नर्स आहे. कोयता कुणाच्याच हातात नाही. पण गावाचं नाव सांगितलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर ते हसू येतंच. मैत्रिणीला तर पुण्यात खोली बघताना घरमालकानं “मुळशीच्या का?” असं दोनदा विचारलं.

इथे जमीन जाणं 2018 च्या कितीतरी आधीचं आहे. टाटांच्या वीजप्रकल्पाच्या धरणात शेतं बुडणार म्हणून 1921 मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली इथल्या मावळ्यांनी सत्याग्रह केला. धरण झालंच. पुढे हिंजवडी, माण भागात आयटी पार्क आलं, मग लवासा. कारण शंभर वर्षं तेच आहे, आणि गुंड हा त्यातून निघणारा एक ठिपका. बाकीच्या ठिपक्यांवर कुणी सिनेमा काढत नाही.

जाता जाता एक गंमत: इंग्रजीतला ‘पॅटर्न’ आणि ‘पेट्रन’ मुळात एकच शब्द. लॅटिन ‘पात्रोनुस’, म्हणजे पाठीराखा. आमच्याकडे त्याला ‘भाई’ म्हणतात.

तर स्टँडवर मी काकांना हे सगळं सांगत बसले. झेब्र्यापाशी ते कंटाळले होते. जमिनीचं निघालं तेव्हा म्हणाले, “आमची पण होती माणला थोडी. भात व्हायचा.”

मी विचारलं, “आता?”

“पार्किंग,” म्हणाले, आणि एसटी आली का बघायला उठले.