एकाच तालमीत: समावेशक शालेय रंगभूमीची आजची स्थिती

आधुनिक मराठी बालरंगभूमीचा प्रवास सुधा करमरकर यांनी १९५९ मध्ये सुरू केलेल्या ‘लिटल थिएटर’पासून मोजण्याची प्रथा आहे. या प्रवासात रत्नाकर मतकरी यांच्यासारख्या लेखकांनी संहिता समृद्ध केल्या आणि शासनाच्या स्पर्धांमुळे गावोगावच्या शाळांना व्यासपीठ मिळाले, परंतु दिव्यांग विद्यार्थी दीर्घकाळ प्रेक्षागृहातच राहिला. त्याला रंगमंचावर आणण्याचे श्रेय प्रामुख्याने विशेष शाळांकडे आणि मोजक्या ध्यासवेड्या रंगकर्मींकडे जाते. कांचन सोनटक्के यांनी मुंबईत ‘नाट्यशाला’ या संस्थेद्वारे विशेष मुलांसोबत केलेले काम या क्षेत्राचा पाया ठरले, तर स्वागत थोरात यांनी ‘स्वातंत्र्याची यशोगाथा’पासून १९ अंध कलावंतांच्या ‘अपूर्व मेघदूत’पर्यंत अंधांच्या नाटकाला पूर्ण लांबीच्या, व्यावसायिक शिस्तीच्या प्रयोगापर्यंत नेले. आता सांस्कृतिक कार्य संचालनालय दिव्यांग बालनाट्य स्पर्धाही घेते.

हे सर्व मोलाचे आहे. तथापि ही समावेशक रंगभूमी नव्हे. दिव्यांग आणि अदिव्यांग विद्यार्थी एकाच संहितेवर, एकाच तालमीत काम करतात आणि दिव्यांग मुलाच्या हालचालीची, ऐकण्याची वा पाहण्याची पद्धत नाटकाच्या घडणीतच उतरते, तेव्हाच त्या रंगभूमीला समावेशक म्हणता येते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ या कायद्याने दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मान्य केले आणि खेळ व मनोरंजनाच्या संधी इतरांच्या बरोबरीने देण्याची जबाबदारी शिक्षणसंस्थांवर टाकली. परंतु बालनाट्याची एक स्पर्धा आणि दिव्यांग बालनाट्याची दुसरी, अशी विभागणी झाली की एकाच वर्गात शिकणारी मुले रंगमंचावर वेगळी होतात. स्वतंत्र स्पर्धेने लाजऱ्या मुलांना आणि साशंक पालकांना धीर दिला हे खरे, पण तिच्यातील टाळी बहुधा कौतुकाची असते, कलेच्या पारखेची नसते. समीक्षकही अशा प्रयोगांतील जिद्दीवर लिहितात आणि रचना, लय, नेपथ्य यांविषयी गप्प राहतात. या मौनामुळे कलेची वाढ खुंटते.

सर्वसाधारण शाळेतील अडचण आणखी खोलवर आहे. शालेय नाटक म्हणजे पाठांतर, स्पष्ट उच्चार आणि समोर तोंड करून म्हटलेले संवाद, अशी समजूत मुरल्यामुळे कर्णबधिर किंवा बौद्धिक अक्षमता असलेल्या विद्यार्थ्याच्या वाट्याला झाडाची वा द्वारपालाची भूमिका येते. उदाहरणार्थ, वैतरणा नदीच्या खोऱ्यात आणि एकूणच पालघर जिल्ह्यात या समजुतीचा फटका इतर मुलांनाही बसतो. बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा येथून आलेल्या कामगारांची मुले शिकतात, तर जव्हार-मोखाड्याच्या आश्रमशाळांतील वारली व कोकणा मुलांच्या घरची बोली पुस्तकी मराठीहून वेगळी असते. ज्या नाटकात शब्दच सर्वस्व असतो, ते या सगळ्यांना एकदमच मागे लोटते.

वास्तविक याच जिल्ह्यात शब्दांवर न विसंबणारी नाट्यपरंपरा जिवंत आहे. मोखाडा-जव्हार परिसरात उन्हाळ्यात होणाऱ्या बोहाड्यात देव-दानवांचे मुखवटे घातलेली सोंगे संबळ आणि सनईच्या तालावर नाचतात. मुखवट्यामुळे नाचणाऱ्याला समोरचे फार थोडे दिसते, संवादाला दुय्यम स्थान असते आणि पावलांची चाल वाद्य ठरवते. कर्णबधिर मुलाला अंगाभिनयात आणि अंध मुलाला तालात जे सहज साधते, त्यावरच हा प्रकार उभा आहे. डहाणू तालुक्यातील कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी मुलांच्या परिसरातील वस्तूंमधूनच शिक्षणाची साधने घडवली; शालेय नाटकाने मात्र तो धडा फारसा उचललेला दिसत नाही.

समावेशक तालमीचे तंत्र खर्चिक नाही, पण त्याला बारकावा लागतो. रंगमंचाच्या कडेपासून दोन हात आत जाड सुतळी अंथरून तिच्यावर चिकटपट्टी लावली, तर अंध नटाच्या अनवाणी तळव्याला हद्द कळते. मध्यबिंदूसाठी गोणपाटाचा तुकडा पुरतो. लाकडी फळ्यांच्या रंगमंचावर ढोल ठेवला, तर त्याची थरथर कर्णबधिर मुलाच्या पायांपर्यंत पोहोचते आणि ‘एन्ट्री’ची खूण तिथूनच मिळते. सांकेतिक भाषेचा, म्हणजे हात, चेहरा आणि शरीर यांच्या साहाय्याने बोलल्या जाणाऱ्या, स्वतःचे व्याकरण असलेल्या भाषेचा दुभाषी कोपऱ्यात उभा करण्याऐवजी त्याला नाटकातीलच पात्र करता येते. सूत्रधार त्यासाठी अगदी योग्य. अशा वेळी ऐकू येणारी मुलेही खुणा शिकतात आणि तालमीनंतरही त्या खुणा वर्गात टिकतात. चाकाच्या खुर्चीचा प्रश्न मात्र केवळ कल्पकतेने सुटत नाही, कारण रॅम्प असलाच तर तो बहुधा प्रेक्षागृहाच्या दाराशी असतो आणि रंगमंचावर जाणारी वाट पायऱ्यांचीच राहते. दिव्यांग मुलाने पाहायला यावे, करायला नव्हे, असे ती वास्तूच सांगत असते.

परदेशात ब्रिटनमधील ‘ग्रेआय’ (१९८०) आणि ऑस्ट्रेलियातील ‘बॅक टू बॅक’ (१९८७) या संस्थांनी दिव्यांग कलावंतांना सर्जनाच्या केंद्रस्थानी ठेवले, आणि त्यामुळे त्यांच्या प्रयोगांची चर्चा समकालीन रंगभूमी म्हणून होते. मराठीत तशी चर्चा व्हायची असेल, तर तिची सुरुवात शाळेतूनच व्हायला हवी. संचालनालयाने राज्य बालनाट्य स्पर्धेत दिव्यांग व अदिव्यांग मुलांच्या एकत्र संघांना उघड प्रोत्साहन द्यावे आणि परीक्षकांत अशा कामाचा अनुभव असलेली व्यक्ती घ्यावी. पालघरच्या शाळांनी तोवर थांबू नये: येत्या स्नेहसंमेलनाचे नाटक निवडताना आधी वर्गाचा हजेरीपट समोर घ्यावा, त्यातील प्रत्येक मुलाला काय करता येते ते पाहावे आणि मगच संहिता बांधावी.