निळे कोण झाले?

इंग्रजीच्या बहुतेक मार्गदर्शिकांत संयुक्त वाक्याचा धडा एका सूचनेवर उरकलेला असतो: ‘अँड’ किंवा ‘बट’ दिसले की वाक्य संयुक्त समजा. गुण मिळवायला ही युक्ती पुष्कळदा पुरते. प्रयोगवही लिहिताना मात्र ती उपयोगी पडत नाही, ही आमची तक्रार आहे.

विज्ञान इंग्रजीतून शिकणाऱ्या मराठी मुलाच्या वहीत सहज आढळेल असे एक वाक्य घेऊ. ‘वी पुट अ क्रिस्टल ऑफ कॉपर सल्फेट इन वॉटर अँड बिकेम ब्लू.’ निळे कोण झाले? इंग्रजी वाचणारा म्हणेल, प्रयोग करणारेच! ‘अँड’नंतर नवा कर्ता नसेल तर पुढचे क्रियापद आधीच्याच कर्त्याकडे, म्हणजे ‘वी’कडे जाते.

ही चूक अडाणीपणाची नव्हे. ‘आम्ही पाण्यात मोरचुदाचा खडा टाकला आणि निळे झाले’ असे मराठीत बोलताना कोणी म्हटले तर निभावून जाते. ‘टाकला’ हे खड्याशी जुळते, ‘निळे झाले’ हे नपुंसकलिंगी पाण्याशी. कर्ता गाळला तरी प्रत्यय त्याचा पत्ता सांगतात. ‘बिकेम ब्लू’ला लिंगही नाही, वचनही नाही. तिथे ‘अँड द वॉटर बिकेम ब्लू’ असे उघड सांगावेच लागते. मग दोन कर्ते व दोन विधेये असलेले खरे संयुक्त वाक्य तयार होते. अशा वाक्यात ‘अँड’पूर्वी स्वल्पविराम देण्याची रीत आहे.

याउलट, ‘द क्रिस्टल सँक अँड डिझॉल्व्ह्ड’ हे वाक्य पाहा. बुडाला तोच खडा विरघळला. कर्ता एक, विधेय जोड, स्वल्पविराम नको. याला संयुक्त वाक्य म्हणावे का? जुनी शालेय व्याकरणे दुसरा कर्ता अध्याहृत मानून तसे म्हणत. अमेरिकी शाळांत ते केवल वाक्यच ठरते. नावाच्या या वादात आम्हांला फारसा रस नाही. परीक्षेत जी व्याख्या चालते ती सांगावी, झाले.

मार्गदर्शिकांतले स्वाध्याय मात्र खटकतात. ‘ही इज पुअर. ही इज ऑनेस्ट.’ हे ‘बट’ने जोडा! दोन्हीकडे कर्ता तोच, त्यामुळे खरी अडचण मुलांपुढे कधी येतच नाही. त्यापेक्षा ‘वी हीटेड द रॉड अँड एक्स्पांडेड’ हे वाक्य फळ्यावर लिहावे आणि प्रत्येक क्रियापदापासून त्याच्या कर्त्यापर्यंत बाण काढायला लावावा. दुसरा बाण ‘वी’पाशी पोहोचला, की दांडीऐवजी आपणच प्रसरण पावलो हे वर्गाला दिसेल.