समाजाधारित, म्हणजे कोणाच्या आधाराने?

समाजाधारित मानसिक आरोग्यसेवा हा शब्दप्रयोग आता शासकीय परिपत्रकांपासून स्वयंसेवी संस्थांच्या अहवालांपर्यंत सर्वत्र रूढ झाला आहे. त्यामागील विचार चांगला आहे. आणि चांगल्या विचारांची चिकित्सा अधिक कसोशीने करावी लागते, कारण त्यांच्या चांगुलपणाआड पुष्कळ काही खपून जाते. या शब्दातील 'समाज' कोणता, एवढाच प्रश्न येथे उपस्थित करावयाचा आहे. हा शब्दच्छल नाही. कर्जत-खालापूर तालुक्यांतील कोणत्याही गावात 'तुमचा समाज कोणता?' असे विचारून पाहावे. उत्तर मिळते ते जातीजमातीचे: आगरी, मराठा, बौद्ध, ठाकूर, कातकरी. समाजाची बैठक म्हणजे जातीची बैठक. आपल्या बोलीतला 'समाज' अख्खे गाव कवेत घेत नाही. मग जी सेवा समाजाच्या आधाराने उभी राहावयाची, ती नेमकी कोणाच्या आधाराने?

रुग्णाला भिंतीआड कोंडण्याऐवजी त्याच्या माणसांत ठेवून उपचार करावेत, हा प्रयत्न आपल्या देशात १९७५ च्या सुमारास सुरू झाला. हरियाणातील रायपूर राणी आणि बंगळूरजवळचे साकलवारा येथे प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या आधाराने प्रयोग झाले. १९८२ साली राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम आला, बेळ्ळारीत त्याची जिल्हा पातळीवर चाचणी झाली, आणि १९९६ पासून जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला. कोंडण्याची परिणती काय होते, हे तमिळनाडूतील एरवाडीने ६ ऑगस्ट २००१ रोजी दाखविले. तेथे साखळदंडांनी बांधलेली २८ माणसे आगीत मेली. तेव्हा कोंडवाड्याची वकिली आम्ही करणार नाही. परंतु योजनाकारांनी कोंडवाड्याला पर्याय म्हणून ज्या गावाकडे बोट दाखविले, ते गाव त्यांनी कोठे पाहिले होते? रुग्णाला सांभाळून घेणारे, फुकट शुश्रूषा करणारे, एकजीव असे गाव. असल्या गावाच्या गौरवगीतांचा समाचार बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेतच घेतला होता. राज्यघटनेचा घटक त्यांनी व्यक्ती मानला, गाव मानले नाही. मानसिक आरोग्याच्या योजनेने मात्र मागील दाराने पुन्हा तेच गाव आत आणले आहे.

कर्जतजवळचे वेणगाव पूर्वी नानासाहेब पेशव्यांचे जन्मगाव म्हणून सांगितले जाई. आज ते 'श्रद्धा' या संस्थेमुळे ओळखले जाते, हे आम्हांला अधिक मोलाचे वाटते. डॉ. भरत वाटवानी आणि डॉ. स्मिता वाटवानी या मनोविकारतज्ज्ञ दांपत्याने १९८८ साली सुरू केलेल्या या कार्याचे कर्जतचे केंद्र २००६ पासून चालू आहे. २०१८ साली डॉ. भरत वाटवानी यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. रस्त्यावर भटकणारा, केसांच्या जटा झालेला, गटारातले पाणी पिणारा मनोरुग्ण उचलून आणायचा, त्याच्यावर उपचार करायचे, शुद्धीवर आल्यावर त्याच्याच तोंडून त्याचा पत्ता काढायचा आणि देशात जेथे असेल तेथे त्याला घरी पोचवायचे, असे हे काम आहे. अशी हजारो माणसे घरी पोचली. ज्याला पाहून गावाने नाक धरले त्याला हाताने आंघोळ घालणे म्हणजे काय, हे अस्पृश्यतेचा अर्थ जाणणाऱ्या वाचकाला समजावून सांगावे लागू नये.

आमची टीका या कामावर नाही, त्याच्या कथनावर आहे. वृत्तपत्रे आणि समारंभी भाषणे ही कथा उंबरठ्यावर संपवितात. हरवलेला मुलगा आईच्या गळ्यात पडतो, सगळे रडतात, आणि बातमी पुरी होते. पण तो घरातून गेला का, हे कोणी विचारत नाही. आजार हे एक कारण खरेच. परंतु कर्ज, मारहाण, नवऱ्याने टाकणे, गावकीचा अपमान ही कारणे त्याच घरात आणि त्याच गावात त्याची वाट पाहत असतात. ज्या बाईच्या नवऱ्याने दरम्यान दुसरे लग्न केले, तिचे घर कोणते? आणि कातकऱ्याचे? रायगडातील कितीतरी कातकरवाड्या खाजगी मालकीच्या जमिनीवर वसलेल्या आहेत. पिढ्यान्‌पिढ्या राहूनही पायाखालची जमीन त्यांच्या नावावर नाही. मुंबईच्या पैशाने येथे शेतघरे वाढली तसा त्यांच्या वाडीभोवती कुंपणाचा फासही आवळत गेला. घरी परत पाठविणे हे पुनर्वसन मानावयाचे, तर आधी घर असले पाहिजे.

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याला याची काही जाण आहे, हे मान्य केले पाहिजे. केवळ कुटुंब नाही, किंवा कुटुंब स्वीकारीत नाही, किंवा बाहेर सोय नाही म्हणून कोणालाही संस्थेत डांबून ठेवता येणार नाही, असे कलम १९ सांगते. सेवा देताना जातीवरून भेदभाव करू नये, असे कलम १८ सांगते. आणि चळवळीतल्या प्रत्येकाने पाठ करावे असे कलम ३ आहे: आपल्या समुदायात रूढ असलेल्या नैतिक, सामाजिक वा धार्मिक मूल्यांशी एखाद्याचे जुळत नाही, एवढ्यावरून त्याला मनोरुग्ण ठरविता येणार नाही. जातीबाहेर लग्न करणारी मुलगी आणि गावकीची कामे सोडणारा तरुण यांना 'डोके फिरले' असे म्हणणारा तो समाज आणि सेवेचा आधार म्हणून ज्याची नेमणूक झाली तो समाज, हे एकच आहेत. कायद्याने शिक्का मारण्यास बंदी केली. पण रुग्णाची पहिली ओळख पटविणाऱ्याला ही बंदी ठाऊक आहे का?

आता आपल्याकडे वळू. बेबी कांबळे यांच्या 'जिणं आमुचं' या आत्मकथनात (१९८६) आषाढात महारवाड्यातल्या बायांच्या अंगात येण्याचे जे वर्णन आहे, त्याकडे आमच्या समीक्षेने अंधश्रद्धेचे चित्रण म्हणून पाहिले आणि ते पान उलटले. एरवी सासूपुढे, नवऱ्यापुढे मान वर न करणारी बाई अंगात आल्यावर बोलते, मागते, दरडावते, आणि सगळा वाडा तिचे ऐकतो. दुःखाला वाचा फोडण्याची ती एक खुली जागा होती, असे म्हणता येईल. तिची किंमत अज्ञानाने आणि उपाशी पोटाने मोजली जात होती, हेही तितकेच खरे. १९५६ साली आपण ते देव टाकले. योग्यच केले. पण देवीच्या तोंडून जे दुःख बोलत होते ते कोठे गेले? शिकलेल्यांना आत्मकथन मिळाले, कविता मिळाली. न शिकलेल्या बाईला काय मिळाले, याचा हिशोब आपण मांडलेला नाही. आमच्या कवितेत वेडा पुष्कळदा येतो, पण रूपक म्हणून. त्याच्या औषधाची, त्याच्या झोपेची, त्याला सांभाळणाऱ्या बहिणीची कविता शोधावी लागते.

त्याच सुमारास अल्जेरियात फ्रान्त्स फॅनन ब्लिडाच्या मनोरुग्णालयात काम करीत होता. फ्रान्समध्ये यशस्वी ठरलेल्या उपचारपद्धती युरोपीय बायकांच्या कक्षात चालल्या, आणि अल्जेरियन पुरुषांच्या कक्षात साफ फसल्या. रुग्णांचे सण, त्यांचा कॉफीचा अड्डा, त्यांचे बसणे-बोलणे आत आणल्यावर काही हालू लागले. १९५६ च्या अखेरीस त्याने राजीनामा दिला. वसाहतीच्या व्यवस्थेत माणूस बरा करून पुन्हा त्याच व्यवस्थेत सोडणे त्याला अशक्य वाटले. धर्मांतराचे वर्षही तेच, हा योगायोग आम्हांला विसरता येत नाही.

खालापूरच्या इर्शाळवाडीवर १९ जुलै २०२३ च्या रात्री डोंगर कोसळला. ठाकरांच्या या वाडीत २७ मृतदेह सापडले आणि ५७ माणसांचा शोध थांबविण्यात आला. म्हणजे ५७ माणसांना शेवटचे पाहताही आले नाही. आश्रमशाळेत होती म्हणून काही मुले वाचली. वाचलेल्यांना चौकजवळ तात्पुरत्या कंटेनर घरांत एकत्र ठेवले गेले. या एकत्र ठेवण्याला कोणी मानसिक आरोग्यसेवा म्हटले नसेल, पण आमच्या मते तीच पहिली सेवा होती. दुःख ज्यांचे सारखे, ती माणसे शेजारी राहिली. येथे 'समाज' हा शब्द खरा ठरतो. गावाच्या उतरंडीने न दिलेला आधार सारखे भोगलेली माणसे एकमेकांना देतात, आणि सेवेने उभे राहावयाचे ते त्यांच्या शेजारी.

त्यासाठी लागते ते फार साधे आहे. दिवाळीनंतर कातकरी कुटुंबे उचल घेऊन वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडाशी परततात. मनोविकाराची गोळी महिन्यामहिन्याने दवाखान्यात येऊन घ्यावयाची असेल, तर हे सहा-सात महिने ती बंद पडणार, आणि मग कागदोपत्री 'रुग्णाने उपचार सोडले' अशी नोंद होणार. सोडले कोणी? औषध भट्टीवर पोचले पाहिजे, ते नेणारी कार्यकर्ती वाडीतलीच असली पाहिजे, आणि तिला त्याचे मानधन वेळेवर मिळाले पाहिजे. भट्टीमालकाच्या उचलीचा आकडाही रुग्णाच्या कागदावर लिहिला गेला पाहिजे, कारण त्याची झोप उडण्याशी त्या आकड्याचा संबंध आहे. २०१५-१६ चे राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण बारा राज्यांत झाले; महाराष्ट्र त्यात नव्हता. हे काम कर्जत-खालापूरच्या महाविद्यालयांतील मुलामुलींनी दोन वाड्या आणि एका भट्टीपासून सुरू केले, तरी चालेल.